वर्गणीविना दूरचित्रवाणी : बीड जिल्ह्यातील कुटुंबांसाठी चार व्यवहारी गोष्टी

घरात दूरचित्रवाणीसंच आहे, वीजही येते, परंतु केबलवाल्याला किंवा खाजगी डिश कंपनीला दरमहा पैसे मोजण्याची ऐपत नाही अथवा तशी इच्छा नाही, अशी कुटुंबे बीड जिल्ह्यात गावोगाव आढळतात. आणि त्यांतील पुष्कळांची अशी पक्की समजूत असते की, रिचार्जची मुदत संपली की संचाचा उपयोग संपला. ही समजूत निराधार आहे. केंद्र शासनाच्या अखत्यारीतील प्रसार भारती ही संस्था ‘डीडी फ्री डिश’ या नावाने जी सेवा चालवते, तिच्यासाठी कोणतीही मासिक वर्गणी नाही, नोंदणी नाही, करारनामा नाही. एकदा छत्री आणि बॉक्स विकत घेऊन योग्य दिशेस लावले की पुढे कोणाचेही देणे राहत नाही. ही गोष्ट ऐकून ठाऊक असूनही ती नीट करावयाची कशी, यासंबंधी मात्र माहितीचा तुटवडा आहे, आणि त्या तुटवड्यावर दुकानदारापासून भामट्यापर्यंत अनेकांचा चरितार्थ चालतो. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम एक जुना भ्रम दूर करणे अवश्य आहे. देशात दूरचित्रवाणीचा प्रारंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत झाला आणि दुसरे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईस उघडले. मराठवाड्याच्या वाट्याला मात्र हे भाग्य त्यानंतर बऱ्याच काळाने, म्हैसमाळ आणि अंबाजोगाई येथील प्रक्षेपण-मनोऱ्यांच्या द्वारे आले. त्या काळी लांब बांबूला किंवा लोखंडी नळीला ॲल्युमिनियमच्या काड्यांचा अँटेना बांधून तो मनोऱ्याच्या रोखाने फिरवावयाचा, अशी रीत होती, आणि रेडिओ व दूरचित्रवाणी यांच्यासाठी टपाल कचेरीतून परवाना घ्यावा लागे. परवाना ऐंशीच्या दशकातच रद्द झाला. आणि मनोऱ्यांवरून होणारे जुन्या पद्धतीचे प्रक्षेपण, मोजकी महत्त्वाची ठिकाणे वगळता, मार्च २०२२ पर्यंत देशभर बंद करण्यात आले. तेव्हा आज माडीवरचा जुना अँटेना अंबाजोगाईच्या दिशेने वळवून चित्र मिळेल, ही आशा कोणी धरू नये. २०१६ साली देशातील ज्या सोळा शहरांत मनोऱ्यावरून अंकीय पद्धतीचे प्रक्षेपण सुरू झाले, त्यांत तेव्हाचे औरंगाबाद होते हे खरे. परंतु म्हैसमाळपासून बीड शहर सरळ रेषेत सुमारे सव्वाशे किलोमीटरहून दूर, मध्ये डोंगररांगा, त्यामुळे त्या प्रक्षेपणाचा आपल्या जिल्ह्याला व्यवहारतः उपयोग नाही. बीडकरांसाठी विनामूल्य दूरचित्रवाणीचा मार्ग आता एकच, आणि तो मनोऱ्यावरून येत नसून थेट उपग्रहावरून येतो.

ही सेवा १६ डिसेंबर २००४ रोजी ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने ३३ वाहिन्यांसह सुरू झाली. आज वाहिन्यांची संख्या शंभराच्या बरीच वर गेली आहे. ११ नोव्हेंबर २०१५ रोजी अवकाशात सोडलेल्या जीसॅट-१५ या भारतीय उपग्रहावरून ती येते. हा उपग्रह विषुववृत्ताच्या वर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असून पृथ्वीच्याच गतीने फिरत असल्यामुळे आपल्या दृष्टीने तो आकाशात एकाच जागी खिळलेला असतो. छत्री एकदा त्याच्याकडे रोखली म्हणजे पुन्हा हलविण्याचे कारण पडत नाही, ते यामुळेच.

आता जमाखर्च पाहू. छत्री, एलएनबी, बॉक्स आणि वायर हे सर्व मिळून सुमारे दीड ते दोन हजार रुपयांत होते, आणि हा खर्च एकदाच. उलटपक्षी, दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१९ साली जी दरपद्धती अंमलात आणली, तीनुसार पहिल्या शंभर वाहिन्यांसाठी नुसत्या जोडणीचे शुल्क कमाल १३० रुपये ठरले होते. त्यावर अठरा टक्के कर धरला तर दरमहा १५३ रुपये ४० पैसे, म्हणजे वर्षाचे १,८४० रुपये ८० पैसे होत. आणि ज्या वाहिन्यांची स्वतंत्र किंमत आहे, त्यांचे पैसे याहून वेगळे. याचा अर्थ, एका वर्षाच्या किमान वर्गणीत फ्री डिशचा सगळा सरंजाम घरी येतो आणि पुढील वर्षांचा खर्च शून्यावर येतो. दुष्काळी वर्षात ज्या घराचा पैसा पै-पैने मोजला जातो, त्या घरी हा फरक लहान नव्हे.

खरेदीच्या वेळी काही गोष्टी डोळ्यांत तेल घालून पाहाव्यात. छत्री सुमारे साठ सेंटिमीटर, म्हणजे दोन फूट व्यासाची, न पिचकलेली आणि न गंजलेली असावी. तिचा पत्रा किंचित जरी वाकला तरी किरण एका ठिकाणी एकवटत नाहीत. छत्रीच्या दांड्यावर बसणारी, किरण गोळा करणारी जी लहान पेटी, तिला एलएनबी म्हणतात. ती ‘केयू बँड युनिव्हर्सल’ प्रकारची, म्हणजे ९७५० आणि १०६०० हे आकडे असलेली घ्यावी. बॉक्स घेताना तो ‘फ्री टू एअर’ आणि एमपीईजी-४ जातीचा आहे, याची खात्री करावी, कारण जुन्या एमपीईजी-२ बॉक्सवर सर्व वाहिन्या दिसत नाहीत. आणि ज्या बॉक्सला एखाद्या कंपनीचे कार्ड किंवा ग्राहक क्रमांक लागतो, तो कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. अलीकडच्या काही संचांत उपग्रह-संकेत ग्रहण करण्याची सोय आतच असते. संचाच्या मागे एलएनबीच्या वायरीसाठी स्वतंत्र जोडणी असेल आणि सेटिंगमध्ये ‘सॅटेलाइट’ हा पर्याय दिसत असेल, तर वेगळ्या बॉक्सची गरजही पडत नाही. बिल पक्के मागावे. बॉक्स महिनाभरात बिघडला तर तेच कामी येते.

अनेक घरांच्या छपरांवर, रिचार्ज सोडून दिलेल्या खाजगी कंपन्यांच्या छत्र्या पडून आहेत. छत्री कंपनीने भाड्याने दिलेली नसून घरमालकाने विकत घेतलेली असेल आणि तिच्यावरील एलएनबी वरील प्रकारची असेल, तर तीच फ्री डिशला चालते. फक्त तिची दिशा बदलावी लागते, कारण बहुतेक खाजगी कंपन्यांचे उपग्रह आकाशात दुसऱ्या जागी आहेत. अशा वेळी खर्च नव्या बॉक्सपुरताच राहतो.

दिशा हा या साऱ्या व्यवहाराचा गाभा होय. बीड शहरातून पाहिले असता जीसॅट-१५ जवळजवळ नेमका आग्नेय दिशेस, म्हणजे उत्तरेपासून उजवीकडे मोजता सुमारे १३५ अंशांवर आणि क्षितिजापासून सुमारे ६० अंश उंचीवर आहे. जिल्ह्यात आष्टीपासून परळीपर्यंत कोठेही गेले तरी यात एखाद-दुसऱ्या अंशाचाच फरक पडतो. आग्नेय कोणती हे सांगावयास नको. जुन्या वाड्यांत चूल ज्या कोपऱ्यात मांडत, तीच ही दिशा. तरीही अंदाजावर न राहता मोबाइलमधील होकायंत्राने ती पाहून घ्यावी. मात्र त्या वेळी मोबाइल लोखंडी नळीला किंवा पत्र्याला चिकटवून धरू नये, अन्यथा सुई भलतीकडे जाते.

उंची साठ अंश असल्यामुळे एक मोठा फायदा होतो. समोरच्या अडथळ्याची छत्रीच्या पातळीपासूनची उंची, अंतराच्या पावणेदोन पटीपेक्षा कमी असली म्हणजे झाले. दहा फूट उंच भिंतीपासून सात फुटांवर छत्री ठेवली तरी आकाश मोकळे मिळते. शिवाय जुन्या अँटेनाप्रमाणे छत्री जितकी उंच तितकी बरी, असा येथे नियम नाही. छत्तीस हजार किलोमीटरांपुढे वीस फुटांची मातब्बरी ती काय! तेव्हा आग्नेयेकडचे आकाश दिसत असेल तर अंगणातील ओट्यालगत लावलेली छत्रीही माडीवरच्या छत्रीइतकेच काम करते, आणि तिथे पोहोचणे सोपे असल्याने दुरुस्तीही सोपी पडते. अडथळ्यांत सर्वांत फसवे ते झाड. कडुनिंबाची पाने झडलेली असताना छत्री लावली तर चित्र उत्तम येते, आणि पालवी दाट झाली की तीच छत्री मुकी होते. म्हणून झाड पाहताना ते भर पानांत कसे दिसेल, याचा विचार आधी करावा.

जागा निश्चित करण्यासाठी सूर्याची मदत घेता येते. मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या आरंभी, सकाळी अकराच्या सुमारास सूर्य नेमका या उपग्रहाच्या पाठीमागे येतो. त्या दिवसांत त्या वेळी ज्या जागेवर स्वच्छ ऊन पडते, ती जागा छत्रीला योग्य, आणि जिथे सावली पडते ती अयोग्य, हे बिनचूक समजावे. ज्यांच्या घरी छत्री आधीपासून आहे, त्यांचे चित्र त्याच दिवसांत काही मिनिटे तुटते. तो बिघाड नसून सूर्याच्या प्रखर किरणोत्सर्गाचा परिणाम आहे, हेही ध्यानात ठेवावे आणि मिस्त्रीला पैसे देऊ नयेत.

छत्री ज्या नळीवर बसवावयाची ती नळी पूर्णपणे सरळ उभी असली पाहिजे. गवंड्याचा ओळंबा लावून ती दोन बाजूंनी पाहावी, कारण नळी कलती असेल तर छत्री डावी-उजवीकडे फिरवताना तिची उंचीही आपोआप बदलते आणि मग तास तास घालवूनही मेळ बसत नाही. माळवदाच्या मातीत खिळे ठोकू नयेत. पावसाळ्यात तिथून पाणी मुरते आणि वाऱ्याने छत्री डुलते. पत्र्यावरही ती बसवू नये, कारण पत्रा वाऱ्याने थरथरतो. दगडी वा विटांच्या भिंतीला, किंवा जमिनीत सिमेंटने पुरलेल्या नळीला ती पक्की करावी. या अंतरावर एका अंशाची चूक म्हणजे सहाशे किलोमीटरांहून अधिक अंतर चुकणे होय, हे लक्षात घेतले म्हणजे नटबोल्ट घट्ट करण्यावर एवढा भर का, ते उमगेल.

छत्रीच्या मागील मापपट्टीवर ६० चा आकडा धरून तिची उंची ठेवावी. या छत्र्यांची रचनाच अशी असते की, एलएनबी मध्यभागी नसून खालच्या दांड्यावर असते, त्यामुळे छत्रीचे तोंड डोळ्यांना बरेच आडवे, जणू समोर पाहणारे भासते. म्हणून ‘ही तर आकाशाकडे बघतच नाही’ असे म्हणून ती आणखी मागे झुकवू नये, मापपट्टीवर विश्वास ठेवावा. नंतर छत्रीच्या पाठीमागे आकाशाकडे तोंड करून उभे राहावे आणि एलएनबी तिच्यावरील शून्याच्या खुणेपासून घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने सुमारे चाळीस अंश फिरवावी. ही शेवटची गोष्ट पुष्कळ मिस्त्रीही विसरतात, आणि मग काही वाहिन्या येतात व काही येत नाहीत, अशी अर्धवट स्थिती वर्षानुवर्षे चालू राहते.

वायरीचे टोक सोलताना आतील तांब्याची तार आणि भोवतीची जाळी यांचा एकमेकींना स्पर्श होता कामा नये. जाळीचा एक केसाएवढा धागाही तारेला चिकटला तर बॉक्सकडून एलएनबीला जाणारा वीजप्रवाह मध्येच खंडतो आणि बॉक्स खराब होऊ शकतो. म्हणून वायर जोडण्यापूर्वी बॉक्सची वीज बंद ठेवावी, आणि एलएनबीपाशी वायरीला खाली एक वळसा देऊन मगच ती घरात न्यावी, म्हणजे पावसाचे पाणी त्या वळशावरून गळून जाते, जोडणीत शिरत नाही.

आता बॉक्सच्या मेनूत एलएनबीचे आकडे ९७५०/१०६०० ठेवावेत, फ्रीक्वेन्सी ११०९०, सिम्बॉल रेट २९५०० आणि पोलरायझेशन ‘व्हर्टिकल’ असे भरावे. पडद्यावर दोन पट्ट्या दिसतील : एक स्ट्रेंग्थ, दुसरी क्वालिटी. पहिलीवर विसंबू नये. ती नुसती वायर जोडल्यावरही वर जाते. खरी कसोटी क्वालिटीची. एकाने छपरावर आणि दुसऱ्याने घरात राहून ‘आलं का?’, ‘गेलं!’ असा आरडाओरडा करण्याऐवजी मोबाइलवर फोन चालू ठेवून पट्टीचा आकडा सांगत राहावा, किंवा शक्य असल्यास लहान संचच छत्रीजवळ न्यावा. छत्री अगदी सावकाश, बोटभर हलवून दोन-तीन क्षण थांबावे, कारण बॉक्सला संकेत ओळखावयास तेवढा अवधी लागतो. घाईने फिरविणाऱ्याच्या हातून उपग्रह निसटून जातो. क्वालिटी सर्वांत अधिक जेथे दिसेल तेथे बोल्ट आळीपाळीने आवळावेत, आवळताना पट्टी उतरत नाही ना हे पाहावे, आणि मग ‘ऑटो स्कॅन’ करावे.

या सेवेची एक मर्यादा अशी की, मुसळधार पावसात, विशेषतः वळवाच्या दाट ढगांत, चित्र गोठते; पाऊस ओसरला की ते आपोआप येते. वीज कडाडत असता बॉक्सची तार भिंतीतील जोडणीतून काढून ठेवावी आणि एलएनबीची वायरही सोडवावी. आपल्या भागात मृगाआधीच्या वादळांत असे केल्याने अनेक संच वाचतील. वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत, छत्रीवरची धूळ ओल्या फडक्याने पुसावी आणि एलएनबीच्या तोंडावर कुंभारमाशीचे घर तर झाले नाही ना, हे पाहावे.

बीड जिल्ह्याच्या दृष्टीने या सेवेचा सर्वाधिक लाभ ऊसतोड कुटुंबांना आहे. गळीत हंगामात ज्यांचा मुक्काम साखर कारखान्याच्या परिसरातील कोपीत असतो आणि उरलेला काळ गावी जातो, त्यांनी मासिक वर्गणी भरणे म्हणजे न पाहिलेल्या दिवसांचे पैसे देणे होय. फ्री डिशची छत्री मात्र बैलगाडीत किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत सहज मावते, आणि नव्या ठिकाणी तीच पुन्हा लावता येते. एवढे लक्षात ठेवावे की कोल्हापूरच्या परिसरात उंची तीच, साठ अंश, राहिली तरी दिशा सुमारे सहा अंशांनी पूर्वेकडे सरकते. बीडची दिशा जशीच्या तशी ठेवली तर तिथे चित्र येणार नाही.

आता या सेवेत मिळते काय आणि मिळत नाही काय, हे स्पष्ट सांगितले पाहिजे, म्हणजे अपेक्षाभंग होणार नाही. दूरदर्शनच्या राष्ट्रीय व बातम्यांच्या वाहिन्या, मराठीसाठी सह्याद्री, २०१५ साली सुरू झालेली किसान वाहिनी, संसदेची वाहिनी, आणि शालेय व महाविद्यालयीन शिक्षणाच्या पीएम ई-विद्या व स्वयंप्रभा या वाहिन्या येथे आहेत. ज्या घरी मुलांच्या शिकवणीसाठी पैसे नाहीत, त्यांनी या शैक्षणिक वाहिन्यांचे वेळापत्रक एकदा तरी पाहावे. खाजगी वाहिन्या लिलावातून जागा घेतात, म्हणून त्या येतात आणि जातात. २०१९ च्या मार्चमध्ये अनेक बड्या हिंदी मनोरंजन वाहिन्या एकदम निघून गेल्या होत्या आणि पुढच्या वर्षी परतल्या. म्हणून एखादी वाहिनी दिसेनाशी झाली तर प्रथम बॉक्सवर पुन्हा ‘ऑटो स्कॅन’ करावे, छत्रीला हात लावू नये. ज्या गाजलेल्या मराठी मालिका आणि क्रिकेटचे जे सामने शुल्कवाहिन्यांचे आहेत, ते सगळेच येथे मिळतील अशी अपेक्षा करू नये. त्यांच्यावाचून ज्यांचे अडते, त्यांनी वर्गणी भरावी, त्यात लाजण्यासारखे काही नाही.

राहता राहिला फसवणुकीचा प्रश्न. ‘तुमच्या फ्री डिशची मुदत संपली, अमुक रक्कम ऑनलाइन पाठवा’ असा फोन आला तर तो खोटा समजून बंद करावा. शासकीय योजनेचा मोफत बॉक्स देतो म्हणून कोणी ‘नोंदणी’चे पैसे मागितले, तरी तेच करावे, कारण केंद्र शासनाने २०२३ साली मंजूर केलेल्या योजनेतील मोफत बॉक्स मुख्यतः दुर्गम, आदिवासी व सीमावर्ती भागांसाठी आहेत. पैसे गेलेच असतील तर संकोच न धरता सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी.

गावात ज्यांना हे काम जमते त्यांनी ते शेजारच्या दोन घरांना शिकवावे, आणि ज्यांना जमत नाही त्यांनी मिस्त्रीला बोलावण्यापूर्वी मजुरी ठरवून घ्यावी. आणि प्रत्येकाने एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी : जो बॉक्स दरमहा पैसे मागतो, तो फ्री डिशचा बॉक्स नव्हे.